न दुखणाऱ्या पायाचं माप

मागच्या वर्षी मार्चमध्ये मी पप्पांसाठी ऑनलाइन एक जेल इनसोल मागवला. किंमत ४९९ रुपये. पप्पा जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये बावीस वर्षांपासून आहेत. भंगार वितळवून बिलेट पाडायचे, ते पुन्हा लालभडक तापवून रोलमधून काढायचे आणि त्याच्या सळया करायच्या, हा आमच्या गावाचा मोठा धंदा. बाहेरच्या लोकांना जालना बियाण्यांमुळे माहीत असतं. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथेच महिको सुरू केली. आमच्या घरात मात्र पगार सळईचा येतो. पप्पांची शिफ्ट उभ्यानेच जाते. खाली काँक्रीट, पायात लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज.

ते घरी आले की पाय जड झाल्याचं सांगायचे. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, दिवसभर बसून काम करतो, आणि तरी माझी टाच दुखते. मला वाटलं, जो माणूस दिवसभर उभा असतो त्याचं काय होत असेल? रिव्ह्यू वाचले, चार पूर्णांक तीन स्टार बघितले आणि ऑर्डर टाकली.

नऊ दिवसांनी आईचा फोन आला. धुवायला टाकलेल्या मोज्याला रक्त लागलं होतं. पप्पांच्या उजव्या पायाच्या करंगळीवर फोड येऊन फुटला होता आणि खालची कातडी निघाली होती. मी विचारलं, "पप्पा, तुम्हाला कळलं कसं नाही?" ते म्हणाले, "दुखायलंच नाही रे, तर कळंल कसं?"

पप्पांना शुगर आहे, अकरा वर्षांपासून.

छत्रपती संभाजीनगरला एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नायलॉनच्या जाड धाग्याचा एक छोटा तुकडा काढला आणि पप्पांना डोळे मिटायला सांगून तो तळव्याला टेकवला. तो धागा दहा ग्रॅम जोर पडला की वाकतो. दहा ठिकाणी टेकवला, पप्पांना तीन ठिकाणी कळलं. मग डॉक्टरांनी बूट मागितला, आत हात घातला आणि माझ्याकडे बघितलं. "जुना इनसोल न काढता त्यावर हा जेलचा घातलाय. पाय पाच-सहा मिलिमीटर वर आलाय. वर लोखंडी टोपी आहे, ती काही सरकणार नाही. बोटं रोज तिला घासत होती."

मी इंजिनिअर आहे. बंद खोक्यात एक वस्तू वाढवली तर दुसऱ्या वस्तूची जागा कमी होते, एवढं मला कळायला हवं होतं.

जखम भरायला सात आठवडे लागले. तेवढे दिवस पप्पा बिनपगारी घरी होते. डॉक्टरांनी पुढचा पर्याय सांगितला: पायाचा साचा घेऊन बनवलेला इनसोल आणि त्याला बसेल असा खोल बूट. इनसोलचे ८,५०० रुपये, बुटाचे वेगळे. दरम्यान घरात घालायला त्यांनी एमसीआरची चप्पल लिहून दिली. ती जालन्यात मेडिकलमध्येच मिळाली, साडेचारशे रुपयांना. पप्पांनी ती काळी चप्पल हातात घेतली, तिचा मऊ तळ अंगठ्याने दाबून बघितला आणि परत काउंटरवर ठेवली.

"ही महारोग्याची चप्पल आहे," ते म्हणाले. "आमच्या गावात एकाच्या पायात असायची. त्याच्या बाजूला कुणी बसत नव्हतं."

मेडिकलवाला हसला. मी पण हसलो. रात्री शोधायला बसलो, तर पप्पांचं बरोबर निघालं.

आधी सगळंच मापाचं होतं

मापाने बनवलेलं घ्यावं की दुकानातलं तयार घ्यावं, हा प्रश्न तसा नवा आहे. आपल्या आजोबा-पणजोबांसमोर तो नव्हताच. गावच्या बलुतेदारीत चांभार होता. पाय कातड्यावर ठेवला की कडेने रेघ मारली जायची आणि त्या रेघेवरून वहाण व्हायची. ती करणाऱ्याला वर्षाकाठी धान्य मिळायचं आणि त्याच्या हातचं पाणी चालायचं नाही. ज्याला आज आपण 'कस्टम' म्हणून जास्त पैसे देतो, ते काम त्या काळी सगळ्यात स्वस्त श्रमाचं होतं. तयार चप्पल-बूट आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आले ते १९३०च्या दशकात, बाटाने कोलकात्याजवळ कारखाना उभारल्यानंतर. मग पायाला नंबर मिळाला आणि हळूहळू रेघ मारणारा हात महाग होत गेला.

बुटाच्या आत घालायच्या आधाराची गोष्ट मात्र अमेरिकेत सुरू होते. १८८०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कचे हाडांचे डॉक्टर रॉयल व्हिटमन सपाट पायांसाठी धातूचा पत्रा बनवू लागले. पायाचा प्लॅस्टरमध्ये साचा घ्यायचा आणि त्यावर पत्रा ठोकून आकार द्यायचा. हा पत्रा पायाला नुसता आधार द्यायचा नाही. पाय आतल्या बाजूला झुकला की त्याची उंच कड टोचायची, आणि टोचू नये म्हणून माणूस आपणहून पाय सावरायचा. म्हणजे हा मापाचा आधार चालायचा तो दुखण्याच्या जोरावर. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरीकडे शिकागोत विल्यम शोल नावाचा तरुण बुटांच्या दुकानात काम करत होता. जन्म १८८२चा, इंडियाना राज्यातल्या शेतकरी कुटुंबातला. गिऱ्हाइकांचे पाय बघून बघून तो रात्री मेडिकल कॉलेजात जायला लागला आणि १९०४ साली त्याने कमानीला आधार देणाऱ्या एका इनसोलचं पेटंट घेतलं. शोलची खरी युक्ती विक्रीत होती. त्याने बूट विकणाऱ्या सेल्समनना पायाची रचना शिकवली. डॉक्टरकडे जायची गरज नाही, दुकानातच तुमच्या पायाचं बघू, हे त्याने लोकांच्या गळी उतरवलं. मी मोबाइलवर चार पूर्णांक तीन स्टार बघून जे केलं, त्याची सुरुवात तिथे आहे.

तेव्हापासून दोन्ही बाजू भांडत आल्या आहेत. डॉक्टर आणि तंत्रज्ञ म्हणतात, प्रत्येक पाय वेगळा. दुकानदार म्हणतात, बहुतेक पाय सारखेच.

आकडे कुणाच्या बाजूने?

मला वाटलं होतं की अभ्यासांमध्ये मापाचा इनसोल सरळ जिंकेल. तसं नाही.

आधी सपाट पायाचंच घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, कॅनडाच्या सैन्यातल्या हॅरिस आणि बीथ या डॉक्टरांनी साडेतीन हजारांहून जास्त सैनिकांच्या पायांची पाहणी प्रसिद्ध केली. शाईच्या रबरी चटईवर पाय ठेवून ठसे घेतले. निष्कर्ष असा की लवचीक सपाट पाय असलेले बहुतेक सैनिक व्यवस्थित चालतात, धावतात, ओझं वाहतात. नुसता पाय सपाट आहे म्हणून तो 'दुरुस्त' करायची गरज नसते.

मग टाचदुखी. आपल्याकडे 'टाचेला काटा आलाय' म्हणतात ती. १९९९ साली अमेरिकेत ग्लेन फेफर आणि सहकाऱ्यांनी २३६ रुग्णांचे पाच गट केले. सगळ्यांना स्नायू ताणायचे व्यायाम दिले. एका गटाला फक्त व्यायाम, तीन गटांना दुकानातले तीन प्रकारचे तयार पॅड, आणि एका गटाला मापाने बनवलेला प्लॅस्टिकचा इनसोल. आठ आठवड्यांनी सिलिकॉनवाल्यांपैकी ९५ टक्के, रबरवाल्यांपैकी ८८ टक्के आणि फेल्टवाल्यांपैकी ८१ टक्के लोकांना बरं वाटत होतं. नुसता व्यायाम करणाऱ्यांत ७२ टक्के. आणि मापाचा महागडा इनसोल घातलेल्यांत ६८ टक्के.

आठ आठवडे म्हणजे थोडाच काळ, असं म्हणता येईल. तर २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या कार्ल लँडॉर्फ आणि सहकाऱ्यांनी वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे १३५ लोक, तीन गट: मापाचा, तयार आणि तिसरा नुसता पातळ फोमचा खोटा इनसोल. तीन महिन्यांनी पहिल्या दोन गटांना थोडा फायदा दिसला, दोघांना साधारण सारखाच. बारा महिन्यांनी तिन्ही गटांत सांगण्यासारखा फरक उरला नाही.

हे वाचून मला हायसं वाटलं. म्हणजे मी स्वस्तातला मागवला ही चूक नव्हती, फक्त जुना इनसोल काढायला विसरलो. ८,५०० वाचले.

मग मी परत वाचलं. या अभ्यासांत 'बरं वाटणं' मोजलं होतं ते रुग्णाला विचारून. दुखतंय का? किती? कोणता पॅड चांगला हे ठरवत होता तो रुग्णाचा स्वतःचा पाय. पॅड बसला नाही, तर पाय सांगणार. माणूस तो काढून फेकणार, दुसरा घेणार किंवा नकळत वेगळं पाऊल टाकणार. व्हिटमनचा पत्राही याच भरवशावर होता. तयार इनसोल चालतो, कारण त्याची उरलेली फिटिंग पाय स्वतः करून घेतो.

पप्पांचा पाय यातलं काहीच सांगत नाही. या अभ्यासांमध्ये पप्पा बसतच नाहीत. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी नवव्या दिवशीही 'बरं आहे' असंच लिहिलं असतं.

वेल्लोरची चप्पल

न दुखणाऱ्या पायांचा विचार ज्यांनी आधी केला ते कुष्ठरोगावर काम करणारे लोक होते, आणि ते काम मोठ्या प्रमाणात भारतात झालं.

पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांत, मिशनरी आई-वडिलांच्या घरी झाला. लंडनला सर्जन होऊन ते १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. तेव्हा सगळ्यांचा, डॉक्टरांचाही, समज असा होता की कुष्ठरोगात मांसच खराब होतं, म्हणून बोटं झडतात आणि तळव्याला जखमा होतात. ब्रँड यांनी हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या तेव्हा त्यांना दिसलं की या रुग्णांच्या जखमा इतरांसारख्याच भरतात. मांस ठीक आहे. नसा मेल्या आहेत, म्हणून दुखत नाही. दुखत नाही म्हणून तीच जागा रोज पुन्हा दुखावते. जखम झालेला पाय प्लॅस्टरमध्ये बंद करून माणसाला चालू दिलं तरी ती भरायची, कारण वजन सगळ्या पायावर वाटलं जायचं. प्लॅस्टर काढून जुनी वहाण दिली की महिन्याभरात तिथेच पुन्हा जखम.

म्हणजे औषधाइतकाच महत्त्वाचा प्रश्न पादत्राणाचा होता, आणि पादत्राणाचा प्रश्न दाबाचा होता. दाब म्हणजे जोर भागिले क्षेत्रफळ; आठवीच्या पुस्तकातलं सूत्र. पुढे ब्रँड यांनी दाखवलं की खिळा टोचण्यासारखा एकदाच बसणारा मोठा दाब हे एक कारण झालं. मध्यम दाब एकाच जागी हजारो वेळा पडला तरी ती जागा सुजते आणि शेवटी फुटते. तुम्ही-आम्ही लांब चाललो की तळवा हुळहुळतो आणि आपण नकळत वजन टाचेवरून कडेवर, कडेवरून चवड्यावर हलवतो. सर्व्हरवर लोड वाढला की लोड बॅलन्सर करतो तसंच. बधिर पायात तो बॅलन्सर बंद असतो. पहिलं पाऊल जिथे पडतं तिथेच दहा हजारावं पडतं.

वेल्लोर आणि जवळच्या करिगिरीच्या केंद्रात त्यांनी बरंच काही करून पाहिलं: लाकडी तळ, मेणात घेतलेले ठसे, प्लॅस्टिक. शेवटी टिकलं ते मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे एमसीआर. बारीक बंद बुडबुड्यांचं हे रबर वजनाखाली दबतं, पण स्पंजासारखं कायमचं बसत नाही. त्याच्याखाली घट्ट तळ, बऱ्याचदा जुन्या टायरचा, म्हणजे काटा-खिळा आरपार येत नाही. जोडणी चिकटवून किंवा शिवून, कारण खिळा मारला आणि तो वर आला, तर घालणाऱ्याला कळणार नाही. नेहमीची चप्पल करताना असा विचार कुणाला करावा लागत नाही.

माझ्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच मिळालं. या केंद्रांनी प्रत्येक रुग्णाला साच्याची चप्पल दिली नाही. तेवढे कारागीर नव्हते, पैसेही नव्हते. पाय फक्त बधिर असेल आणि आकार शाबूत असेल, तर साधी, तयार एमसीआर चप्पल पुरते. जुन्या जखमेचा व्रण असेल, तर त्या जागेवरचा भार काढणारी पट्टी किंवा कमान बसवायची. पायाचा आकारच बिघडला असेल, तेव्हा साचा घेऊन बनवायचं. कोणता पाय कोणत्या पायरीवर आहे, हे तपासून ठरवायचं आणि पुन्हा पुन्हा तपासत राहायचं.

महाराष्ट्रात या कामासाठी जमीन तयार होतीच. मुंबईत वडाळ्याचं अॅकवर्थ रुग्णालय १८९०पासून होतं. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीला तपोवन उभं केलं, बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती १९४९ची आणि वर्ध्याचं गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान १९५१चं. पुढे सरकारी कार्यक्रमातून एमसीआर चपला रुग्णांना मोफत मिळू लागल्या.

आणि इथेच ती अडचण झाली जी पप्पांनी मेडिकलच्या काउंटरवर एका वाक्यात सांगितली. चप्पल पाय वाचवत होती, पण माणसाचा रोग लांबूनच जाहीर करत होती. त्यामुळे अनेक जण ती दवाखान्यात जातानाच घालायचे आणि एरवी अनवाणी किंवा साध्या स्लिपरवर फिरायचे. जखमा पुन्हा व्हायच्या. नंतरच्या काळात पादत्राण बनवणाऱ्यांना रंग बदलावे लागले, पट्टे बदलावे लागले, बाजारातल्या चपलेसारखी दिसेल अशी चप्पल करावी लागली. दाबाचं गणित सुटलं होतं. लोक बघतात त्याचं सुटायला जास्त वेळ लागला.

कुष्ठरोगाकडून शुगरकडे

१९६६ साली ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे त्यांच्या लक्षात आलं की मधुमेह्यांच्या तळव्याच्या जखमा अगदी ओळखीच्या आहेत. कारण वेगळं, पण नस मेली की पुढची गोष्ट तीच. दाब कुठे जास्त पडतो हे दाखवणारा मोजा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बनवला. त्यात रंगाच्या बारीक पुड्या होत्या, दाब पडेल तिथे त्या फुटायच्या. पप्पांच्या तळव्याला टेकवलेल्या दहा ग्रॅमच्या धाग्याची मर्यादाही १९८०च्या दशकात कार्व्हिललाच ठरली.

साधारण त्याच सुमारास, १९८१-८२मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने कुष्ठरोगासाठी बहुविध औषधोपचार सुचवले आणि नवे रुग्ण नसा मरायच्या आत बरे होऊ लागले. आपल्याकडे शुगर वाढत गेली. प्लॅस्टर, एमसीआर, धागा, सगळी हत्यारं एका रोगाकडून दुसऱ्याकडे आली. जालन्यातल्या मेडिकलमध्ये साडेचारशेला मिळणारी चप्पल ही त्या वाटेने आलेली आहे. एकेकाळी दवाखान्याच्या वर्कशॉपमध्ये बनणारी वस्तू आज फळीवर नंबर सहा ते दहामध्ये मिळते.

मी हे सगळं पप्पांना सांगितलं, फोनवर, तुकड्या-तुकड्यांत. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या माणसाचा पाय राहिला का?" गावातल्या त्या माणसाबद्दल विचारत होते. त्याचं पुढे काय झालं, हे त्यांनाच माहीत नव्हतं.

आम्ही काय केलं

घरासाठी मेडिकलमधली एमसीआर चप्पल घेतली. पप्पांनी काळी नको म्हणून चॉकलेटी मागवायला लावली.

मिलसाठी ८,५०० रुपयांचा मापाचा इनसोल केला. पप्पांच्या पायाचा आकार फार बिघडलेला नाही, त्यामुळे नुसता बधिरपणा असता तर तयार मऊ इनसोलवर भागलं असतं, हे तंत्रज्ञाने स्वतःच सांगितलं. पण आता करंगळीवर व्रण आहे, चवड्याखाली जुना घट्टा आहे, आणि बूट लोखंडी टोपीचाच घालावा लागणार आहे. मोजून बनवण्याची गरज त्या तीन गोष्टींमुळे होती. त्याने फोमच्या खोक्यात ठसे घेतले आणि बूट आधी आणायला लावला. इनसोल आणि बूट एकत्रच मापायचे, हे त्याने दोनदा सांगितलं. रुंद पंजाचा, आत जास्त उंची असलेला सेफ्टी शू आम्हाला शोधून स्वतःच्या पैशाने घ्यावा लागला. मिलमधून मिळतो तो एकाच ठेवणीचा, नंबर फक्त लांबीचा. पप्पांच्या लाइनवर शुगर असलेले आणखी चार-पाच जण आहेत. त्यांच्याकडे तेच बूट आहेत. मी पप्पांना म्हटलं, सुपरवायझरशी बोला. ते म्हणाले, "बोललो तर आधी हे विचारतील की तुमाला शुगर आहे का." काळ्या चपलेची भीती आणि ही भीती मला एकच वाटली, आणि तिच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इनसोल दर सहा महिन्यांनी दाखवायला न्यायचा आहे. पैसे दिले ते खरं तर याचे, असं मला आता वाटतं: साच्याचे कमी आणि पुन्हा बघणाऱ्या डोळ्यांचे जास्त. जो पाय सांगत नाही, त्याच्याकडे कुणीतरी बघावं लागतं.

रोज रात्री जेवण झालं की आई पप्पांचे तळवे मोबाइलच्या टॉर्चखाली बघते. बोटांच्या मधे, टाचेच्या कडेला. आधी पप्पा लाजायचे; बायकोने पाय धरून बघणं त्यांना पटत नव्हतं. आता बातम्या बघत पाय पुढे करतात. बूट घालण्याआधी तो उलटा करून आपटतात आणि आत हात फिरवतात.

तो ४९९चा जेल इनसोल फेकायचा राहिला होता. बुटाचा मूळ इनसोल काढून, कात्रीने कापून मी माझ्या बुटात घातला. माझी टाच आता बरीच बरी आहे.